श्रद्धा हजेरीपटावर घेऊ नका

प्रति,
माननीय मुख्याध्यापक आणि शालेय समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: परिपाठातले सक्तीचे पठण

सविनय नमस्कार.

दुसरे सत्र सुरू होताना आपण काढलेली सूचना माझ्या मुलीच्या वहीत चिकटून घरी आली. रोजच्या परिपाठात मनाचे श्लोक, आठवड्यातून एकदा गीतेचा बारावा अध्याय, दोन्ही सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य. पाठांतराची तपासणी वर्गशिक्षक करतील आणि तशी नोंद प्रगतिपुस्तकात होईल. खाली पालकाच्या सहीला जागा होती, पण मान्य की अमान्य हे लिहायला नव्हती. मी सही केली नाही. कार्यालयात अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, उत्तर आले नाही. पालक सभेत विषय काढला तर ‘चांगल्या गोष्टीला विरोध कशाला’ एवढे बोलून सहलीच्या वर्गणीचा विषय पुढे घेतला गेला. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. शाळेचे नाव मुद्दाम घालत नाही. अशी सूचना फक्त आपल्याच शाळेत निघाली असेल, असे मला वाटत नाही.

सभेनंतर जिन्यात एका सदस्यांनी मला विचारले, ‘तुम्ही त्या अंनिसवाल्या का?’ म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या. नाही हो. असते तरी बिघडले नसते, पण नाही. मी माळकरी आहे. घरात देव्हारा आहे, आषाढीला जमेल तेवढे टप्पे दिंडीबरोबर चालते, आणि मनाच्या श्लोकांपैकी निम्म्याहून जास्त मला तोंडपाठ आहेत. माझी तक्रार देवाबद्दल नाही, समर्थांबद्दल तर मुळीच नाही.

माझे वडील मात्र नास्तिक होते. आप्पा प्राथमिक शिक्षक. तरुणपणी सेवा दलाच्या शाखेत जाणारे, आगरकर वाचून देव सोडलेले. आमच्या घरात देव्हारा नव्हता. पण आजी होती, आणि तिचे देव होते, एका पितळी डब्यात. सकाळी अंघोळ झाली की ती ते काढून पाटावर मांडायची. पुढे तिचे गुडघे धरले, परसात जाववेना, तेव्हापासून तिच्या पूजेची फुले आप्पा काढून आणू लागले. परडी पाटाजवळ ठेवायची, हात न जोडता सायकल काढायची आणि शाळेत जायचे, हा त्यांचा क्रम. मायलेकांत देवावरून भांडण झाल्याचे मला आठवत नाही. भांडणे चहात साखर किती घालायची यावरून व्हायची.

आजी मला आणि दादाला कीर्तनाला न्यायची. परत आलो की आप्पा विचारायचे, बुवा काय म्हणाले? आम्ही सांगायचो, जमेल तसे, सोंगे करून. मग पुढचा प्रश्न: तुला पटले का? पटले म्हटले तरी ‘का’ सांगावे लागे, नाही म्हटले तरी. दोन्ही उत्तरांना सारखाच मान होता. दादाला बहुतेक वेळा पटायचे नाही. मला बऱ्याचदा पटायचे. त्या घरातून मी वारकरी होऊन बाहेर पडले आणि दादा आप्पांच्याही दोन पावले पुढे गेला. मी माळ घातली त्या दिवशी आप्पांनी एवढेच विचारले, ‘मासे सुटतील ना तुझ्याच्याने?’

सासरचे उदाहरण याच्या अगदी उलटे. माझ्या नवऱ्याचे लहानपण सोवळ्याओवळ्यात गेले. दिवेलागणीला शुभंकरोति, मग रामरक्षा, भीमरूपी, परवचा. मध्ये एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून, आणि सगळे बिनचूक झाल्याशिवाय पान वाढले जायचे नाही. सासरे पाठीमागे छडी घेऊन बसत. आज हा माणूस गणपतीत आरतीची घंटा वाजली की चपला घालून बाहेर पडतो. रामरक्षा त्याला अजून पाठ आहे, एक अक्षर इकडचे तिकडे होत नाही. सासूबाई कधी कधी हळहळतात, ‘एवढे संस्कार केले, कुठे कमी पडलो कळत नाही.’ मला विचाराल तर, कमी पडले नाहीत, तेच झाले.

दोन घरांवरून मी नियम बांधत नाही. बहुतेक मुले आईबापांचाच धर्म घेऊन मोठी होतात, साऱ्या जगात हेच दिसते, आणि त्यात वावगे काही नाही. भाषा जशी घरातून येते तशी श्रद्धाही येते, अश्रद्धाही येते. कडक घरातून निस्सीम भक्त निघतात, मोकळ्या घरातून भरकटलेलेही निघतात. पण मूल कोणाकडून काय घेते हे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट कळते: ते आधी माणसावर विश्वास टाकते, मग त्या माणसाच्या देवावर. मी विठ्ठलाला मानू लागले ते आजीमुळे. तिने मला एकही अभंग पाठ करायला लावला नव्हता. ती स्वतः गात असे आणि मी बाजूला शेंगा सोलत असे. हे काम परिपाठाच्या रांगेत, हजेरी घेऊन, नोंदवही हातात धरून होणारे नाही. उलट जे घरात रुजते आहे त्याच्या मुळाशी हात घातला जातो.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार संमतीची. आपली शाळा खासगी, अनुदानित, शासनमान्य आहे. अशा शाळेसाठी संविधानाचा अनुच्छेद २८(३) स्वच्छ आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला विद्यार्थ्यावर सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर आधी पालकाची संमती लागते. इथे आपण क्रमच उलटा केला आहे. आधी अनिवार्य ठरवले आणि पालकाने गप्प राहून ते स्वीकारावे अशी अपेक्षा ठेवली. वर्षाला हजारोंचे शुल्क भरून घेताना सतरा ठिकाणी सही मागणारी शाळा मुलाच्या मनातल्या सर्वांत नाजूक गोष्टीसाठी संमती विचारत नाही, याचे नवल वाटते.

सभेत सांगण्यात आले की ‘हे वरूनच आले आहे’. मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचे पाठांतर सुचवले होते, हे खरे. मनुस्मृतीतला एक श्लोकही त्यात होता आणि त्यावरून राज्यभर केवढा गदारोळ झाला तेही आपण पाहिले. पण मसुदा हरकती मागवण्यासाठी असतो, आणि आराखडा कोणताही असो, तो संविधानाच्या वर बसत नाही. ज्या आदेशाने हे ‘अनिवार्य’ झाले तो आदेश क्रमांक आणि तारखेसह मला दाखवा. मी अर्जात हेच विचारले होते.

दुसरी तक्रार प्रगतिपुस्तकाची, आणि ती मला जास्त लागली. माझ्या मुलीच्या वर्णनात्मक नोंदीत वर्गशिक्षिकेने लिहिले आहे: ‘सामूहिक पठणात रस घेत नाही. संस्कारक्षम वातावरणाची गरज.’ ही मुलगी सहावीत आहे. पठणाच्या वेळी ती रांगेत सरळ उभी असते, बोलत नाही, हसत नाही, फक्त म्हणत नाही. हे तिने स्वतः ठरवले आहे, तिच्या वडिलांनी नाही आणि मी तर नाहीच. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘मला अजून माहीत नाही देव आहे का, मग खोटे कशाला म्हणू?’ आमच्या घरी ती आजीबरोबर गौरी सजवते, बाबांबरोबर वाद घालते, माझ्याबरोबर वाखरीच्या रिंगणात धावते, आणि अजून ठरवते आहे. अकराव्या वर्षी ‘अजून माहीत नाही’ म्हणायला जे धैर्य लागते त्याला आपण वातावरणाची कमतरता म्हणता?

नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या शिक्षकाविरुद्ध असाच शेरा लिहिला गेला होता आणि त्यापायी त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला तो शिक्षकाच्या बाजूने: प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती म्हणजे मूलभूत हक्कावर घाला. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, केरळमधल्या तीन भावंडांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या बाबतीत जे चालते ते श्लोकांच्या बाबतीत का चालू नये?

तिसरी गोष्ट मी स्वतःपुरती लिहीत नाही. सूचनेला काही घरांतून कुजबुज झाल्यावर ‘ज्यांना म्हणायचे नसेल त्यांनी व्हरांड्यात थांबावे’ अशी सोय झाली. सोय म्हणून ती ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात रोज सकाळी सगळ्या शाळेदेखत कोण बाहेर उभे आहे हे दिसते: मोहल्ल्यातली मुले, बौद्ध वस्तीतली मुले, चर्चच्या गल्लीतली दोन भावंडे. सहावी-सातवीतल्या पोरांना एवढे पुरते. आता मधल्या सुट्टीत त्यांना ‘व्हरांडावाले’ म्हणतात. यातल्या एका मुलीची आई माझ्याशी बोलली. तिला म्हटले, आपण मिळून अर्ज करू. ती म्हणाली, ‘ताई, तुमचे आडनाव चालते. आमचा उद्या दाखला अडवतील.’ तसे आपण कराल असे मला वाटत नाही. पण पालकाला तसे वाटावे, यात शाळेचे काहीतरी चुकले आहे एवढे तरी मान्य करा.

आणखी एक, थोडक्यात. एका तासाला ‘ज्यांच्या घरी रोज देवपूजा होत नाही त्यांनी हात वर करा’ असे विचारले गेले. घरात काय चालते याची मोजदाद मुलांकडून करून घेऊ नका. आणि प्रवेशाच्या वेळी आम्ही धर्माचा रकाना रिकामा सोडला होता, तो कार्यालयात आडनाव पाहून भरला गेला. जातीचा रकाना काढा असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्त्या आणि आरक्षण त्यावर चालते, ज्यांना तो लागतो त्यांना तो लागतोच. पण धर्म सांगायचा की नाही हा माणसाचा स्वतःचा प्रश्न आहे, आणि ‘मला धर्म नाही’ असेही कोणी म्हणू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयानेच सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितले आहे. केरळमध्ये २००८ साली सातवीच्या पुस्तकात असाच एक धडा होता. वेगवेगळ्या धर्मांचे आईवडील मुलाला शाळेत घालायला येतात. मुख्याध्यापक धर्म विचारतात, वडील म्हणतात, काही लिहू नका. उद्या मोठेपणी त्याला धर्म हवासा वाटला तर? तर त्याला आवडेल तो त्याने घ्यावा. एवढ्याशा संवादावरून तिथे रस्त्यावर आंदोलने झाली. त्या मुलाचे नाव जीवन होते. आमच्या घरातही एक जीवन वाढते आहे, एवढेच समजा.

‘मुलांवर संस्कार नकोत का?’ हा प्रश्न आपण नक्की विचाराल. हवेत. मी स्वतः आजीच्या संस्कारांवरच वाढले. प्रश्न ते कोणी आणि कसे करायचे एवढाच आहे.

दर ३ जानेवारीला आपल्या शाळेत सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, मुली नऊवारी नेसून येतात, भाषणे होतात. त्याच घरातल्या जोतीरावांनी शेवटच्या आजारपणात, उजवे अंग लुळे पडल्यावर, डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापले गेले. त्यात एका कुटुंबाचे चित्र आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने हेच पुस्तक वाचून सत्यधर्म स्वीकारावा, आणि या सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहावे. जोतीराव नास्तिक नव्हते, निर्मिकाला, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्याला, मानत होते. तरी त्यांनी मुलीचा धर्म बापाकडे सोपवला नाही, मग शाळेकडे कशाला सोपवला असता? आणि बघा, चौघेही आधी वाचतात, मग ठरवतात. पाठ कोणीच करत नाही.

बाबासाहेबांच्या लहानपणाची हकिगत तर त्यांनीच लिहून ठेवली आहे. रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने विचारले, हे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांनी गप्प बसवले नाही. आपल्याला खालचे मानले जाते, त्यामुळे मनात न्यूनगंड येईल. द्रोण आणि कर्ण बघ, लहान माणसे किती मोठी झाली, असे समजावले. मुलाला त्यात थोडे तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही, आणि महाभारतातले कोणीच आपल्याला आवडत नाही, हे तो वडिलांच्या तोंडावर म्हणू शकला. पुढे केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंतचा रस्ता त्या वाचनापासून सुरू झाला. रामजींच्या जागी नोंदवही घेतलेला तपासनीस असता तर त्या पोराच्या प्रगतिपुस्तकात काय शेरा पडला असता, याचा विचार करा.

आणि गीताच शिकवायची तर बाराव्या अध्यायावर का थांबता? अठराव्यापर्यंत चला. सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. साक्षात भगवंताने रणांगणावर जी मुभा दिली ती आपली शाळा परिपाठात देत नाही.

उद्या एखाद्या शाळेने मुलांकडून ‘देव नाही, देव नाही’ असे रोज म्हणवून घेतले तर मी हेच पत्र तिथे लिहीन. अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मावरच बंदी घातली, देवळे-मशिदी बंद केल्या. १९९० नंतर त्या पुन्हा उघडल्याच. सक्तीने श्रद्धा पुसता येत नाही, लावताही येत नाही. तरी आपल्याकडे देवाचे कसे होणार याची काळजी कोणाला वाटत असेल तर २०११ ची जनगणना पाहावी: १२१ कोटींत नास्तिक म्हणून नोंद झालेली माणसे सुमारे ३३ हजार. पांडुरंगाला त्यांच्यापासून धोका नाही. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षक बाईंनी तर अजिबात घाबरू नये.

धर्माबद्दल शिकवूच नका, असे माझे म्हणणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये धर्मांचा अभ्यास आणि धर्माची उपासना यांत फरक केला आहे, आणि अभ्यासाला अनुच्छेद २८ ची आडकाठी नाही. मनाचे श्लोक मराठीच्या तासाला जरूर घ्या, भुजंगप्रयातासाठी घ्या. टाळी धरून ते वृत्त किती सुंदर चालते हे शिकवायला मी स्वतः येते, मानधन नको. त्याच तासाला तुकोबा येऊ द्या, शेख महंमद येऊ द्या, फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण येऊ द्या. चोखोबांचा अभंग वाचल्यावर मुले जे विचारतील त्याची उत्तरे द्यायची तयारी तेवढी ठेवा.

माझ्या मागण्या अशा:

‘अनिवार्य’ हा शब्द काढून सूचना लेखी मागे घ्या, आणि ती तोंडी न सांगता वहीत चिकटवूनच घरी पाठवा. पुढे कधी उपासनेसारखा कार्यक्रम ठेवायचा असेल तर आधी पालकांची लेखी संमती घ्या. ज्याने दिली नाही त्याचे मूल बाहेर काढण्याऐवजी तो कार्यक्रमच शाळेच्या वेळेबाहेर ठेवा. परिपाठात संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत, राज्यगीत, बातम्या, बोधकथा एवढे पुरेसे आहे.

व्हरांडा उद्यापासून बंद करा. यासाठी सभेची वाट पाहण्याची गरज नाही.

पठणात भाग न घेतल्याबद्दल ज्या ज्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरे पडले आहेत ते खोडा, फक्त माझ्या मुलीचे नको, आणि खोडल्यावर तिथे मुख्याध्यापकांची सही असू द्या. धर्माचा रकाना ज्यांनी रिकामा सोडला होता तो नियमात बसेल तसा रिकामा ठेवा. बसत नसेल तर कोणत्या नियमाने बसत नाही ते कळवा.

आणि शिक्षकांना एवढे सांगा, की मुलाने ‘मला माहीत नाही’ म्हटले तर त्याला बसा म्हणू नये.

येत्या पालक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घ्यावा, ही विनंती. सहलीच्या वर्गणीच्या आधी. व्हरांड्यातल्या मुलांचे पालक येणार आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन आले आहे. आम्ही घोषणा देणार नाही, पत्रकार आणणार नाही. उत्तर आले नाही तर मात्र हीच प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बालहक्क आयोगाकडे जाईल, हे आधीच कळवते, म्हणजे पाठीमागून काही केले असे होणार नाही.

कळावे,

आपल्या शाळेतील
सहावीच्या एका विद्यार्थिनीची आई